अण्णाच्या गाडीवरचं कॅरिअर

अण्णाच्या गाडीवरचं कॅरिअर मी माझ्या सोयीसाठी निवडलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. अण्णा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. बावड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. तो गेला तेव्हा मी शाळेत नववीचा तास घेत होतो. शिपायानं दारातूनच घरी जायला सांगितलं. घरी पोचलो तर अंगणात माणसं जमलेली आणि त्यांच्या पाठीमागे ती गाडी उभी. अण्णाकडे बघायच्या आधी माझी नजर तिच्या टपाकडे गेली… हेही आज पहिल्यांदाच सांगतोय.

गाडी त्यानं घेतली ती लेकीसाठी. सारिकाचे पाय जन्मापासून चालत नाहीत, पाठही फार वेळ धरत नाही. तिची चाकाची खुर्ची पाठीच्या मापानं बनवून घेतलेली, उंच, लोखंडी. ती मिटत नाही आणि गाडीच्या दारातून आत जात नाही. मागं सीएनजीची टाकी. म्हणजे खुर्ची जायची तर टपावरच. लोणी देवकरच्या कारखान्यात पाळ्या करून अण्णानं ही मोठी व्हॅन घेतली आणि पहिल्याच रविवारी मला घेऊन बारामतीला कॅरिअर बघायला निघाला. "तू मास्तर माणूस," म्हणाला, "तुला बघितल्यावर दुकानदार वाकडं बोलणार न्हाय."

दुकानदारानं आधी अ‍ॅल्युमिनिअमच्या दोन आडव्या पट्ट्या दाखवल्या. टपाला लागून बसणाऱ्या, कठडा नसलेल्या. अण्णानं हात वर करून उंची पाहिली. मग दुकानातलंच एक स्टूल उचललं आणि बाजूनं वर सरकवून बघितलं. तोंड असं उजळलं त्याचं! "हे बरं हाय. एकट्यानं जमतंय."

तेव्हा माझ्या थोरलीचं लग्न ठरलेलं होतं. कपाट, पलंग, रुखवत, सगळं इंदापूरच्या कार्यालयात न्यायचं होतं आणि आमच्याकडे रीत अशी, की भावकीत एकाची गाडी आली म्हणजे ती सगळ्यांची. मी म्हणालो, "अण्णा, एवढी गाडी घेतली आन् वर ही दोन दांडकी? लोक हसतील. लोखंडी करून घे. चारी बाजूंनी कठडा, मागं शिडी. भावकीत उद्या काय कमी कामं निघत्यात?"

"आन् खुर्ची? कठड्यावरनं एकट्याला कशी जायची?"

"एकटा कशाला? मी हाय की शेजारी. हाक मार, दोघं मिळून टाकू."

त्यानं स्टूल जागेवर ठेवलं. मग दुकानदाराला म्हणाला, "मास्तर म्हणत्यात तर लोखंडीच करा." त्याला ते पटलं नव्हतं, हे मला तिथंच कळलं होतं.

हाका त्यानं मारल्या. एकदा मी आंघोळीला होतो, एकदा पेपर तपासत होतो, एकदा नुसताच "आलो, आलो" म्हणून आतच बसलो. मग त्यानं हाक मारणं सोडलं. दुसऱ्या कुणाला सांगणं त्याच्या स्वभावात नव्हतं आणि वहिनींचे गुडघे गेलेले, त्या शिडीवर कशा चढणार? माझ्या लेकीच्या लग्नाला अण्णाच गाडी घेऊन आला. टपावर कपाट होतं, पलंग होता, खुर्चीला जागा नव्हती. सारिकानं आदल्या दिवशी कोपरापर्यंत मेंदी काढून घेतली होती. तिला घरीच ठेवावं लागलं, तिच्याबरोबर वहिनीही थांबल्या. मांडवात मी वऱ्हाडाला जेवायला वाढत होतो, अण्णा एका कडेला उभा होता. "जेवलास का?" मी विचारलं. "व्हय," म्हणाला. जेवला नव्हता.

पुढं ती गाडी भावकीभर फिरली. कुणाचा सोफासेट, कुणाच्या पेंडीच्या गोण्या, कुणाचे मांडवाचे बांबू. जिच्यासाठी घेतली ती सारिका मात्र दारात. सुट्टीच्या दिवशी अण्णा लेकीला उचलून पुढच्या सीटवर बसवायचा आणि कालव्यापर्यंत जाऊन परत यायचा. खुर्ची नाही म्हणजे उतरायचं नाही. वयात आलेली पोरगी, चारचौघांत बापानं उचलून घेतलेलं तिला नको वाटायचं. मी कधी विचारलं, "कुठं जाऊन आलात?" तर म्हणायचा, "काचंतनं गाव बघून आलो." आणि हसायचा. त्या हसण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. मी सुटलो असतो. पण तसलं काही नसायचं त्याच्याकडे… नुसतं हसणं, आणि मग गाडीची काच पुसत बसणं.

दहाव्याला सारिका म्हणाली, "मी नदीवर येणार." बायकांनी समजावलं, ती ऐकेना. माझे जावई शिडीवर चढले, मी खालून खुर्ची उचलून दिली. कठड्यावरून आत गेली, दोरी आवळली. चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. सारिका गाडीच्या उघड्या दारातून बघत होती.

"काका," ती म्हणाली, "एवढंच असतं व्हय हे?"

मी दोरीची गाठ तपासल्यासारखं केलं.

"अण्णा म्हणायचे, खुर्ची वर चढत न्हाय. मला वाटायचं, उगं सांगत्यात. मला चारचौघांत न्यायची लाज वाटती त्यांना. लग्नाच्या दिवशी तर मी त्यांच्याशी बोललेच न्हाय. नंतरबी लई दिवस न्हाय."

जावयांनी गाडी सुरू केली. नदी येईपर्यंत मी मागच्या सीटवर, तिच्या पाठीमागे बसलो होतो. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बापाला आपली लाज वाटते असं पोरीला वाटत होतं, ते त्यानं तसंच सोसलं, पण माझं नाव काही घेतलं नाही. का नाही घेतलं, ते आता कुणाला विचारू? मी शेजारी होतो, त्याला माझ्याशी रोज बोलायचं होतं, लेकीला काका हवा होता, असं काहीतरी असेल. किंवा आपल्या माणसाला उघडं पाडायचं नाही, एवढंच.

हे मी पेपरच्या पुरवणीसाठी लिहितोय आणि सारिका ही पुरवणी दर रविवारी वाचते, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. हे छापून येण्याआधी तिच्यासमोर बसून, अण्णाला तुझी लाज कधीच वाटली नाही, दोष माझा होता, हे तोंडानं सांगणं मी तिचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.