भीमाबाईची डिस्क

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या श्यामराव बोबड्यांच्या घरात दागिन्यांचा डबा गव्हाच्या कोठीत बिनकुलपाचा पडलेला असायचा, पण सिनेमाच्या डिस्कचं कपाट कायम बंद. किल्ली श्यामरावांच्या करदोड्याला. अंघोळीलासुद्धा ती अंगावरून उतरत नसे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्मभर क्लार्की केली, तिथं कुणी यांना हिंग लावून विचारलं नाही. तो सगळा रुबाब त्यांनी या कपाटापाशी वसूल केला.

पण गोष्ट सांगायची आहे ती त्यांच्या बायकोची, वनमालाबाईंची. कारण त्या कपाटात या बाईची आई होती.

दचकू नका, सांगतो. वनमालाबाईंचं माहेर दर्यापूरकडचं. माय भीमाबाई आठवडी बाजारात बोरं विकायची. वनमाला शाळेत जात होती त्या वर्षी गावच्या बाजारात मराठी सिनेमावाले आले. सगळ्यांना बजावून सांगितलं, कॅमेऱ्याकडे कुणी पाहायचं नाही. भीमाबाई ऐकते होय! पिंपळाच्या पारावर चढली, बोरांची टोपली कमरेवर घेतली आणि सरळ कॅमेऱ्यात बघून मनसोक्त हसली. पुढच्याच पावसाळ्यात ती काविळीनं गेली. तिचा फोटो म्हणून कधी कुणी काढलेला नव्हता. बोरं विकणाऱ्या बाईचा फोटो कोण काढतो? म्हणजे तिचा चेहरा या जगात उरला तो एकाच जागी, त्या सिनेमातल्या बाजारात, चहाचा घोट गिळावा तेवढा वेळ.

सिनेमा आपटला. लोक त्याचं नावही विसरले. लग्न होऊन वनमालाबाई रायपूरला आल्या, मुलगा शेखर मोठा झाला, घरात डिस्कचा प्लेअर आला, आणि एका पगाराच्या दिवशी श्यामरावांनी शारदा चौकातल्या दुकानातून जुन्या सिनेमांचा गठ्ठा आणला. त्यात हा होता, दोन डिस्कांचा. दुसऱ्या डिस्कवर बाजार आला आणि वनमालाबाई हातातलं ताट टाकून ओरडल्या, "माह्यी माय! अहो, माह्यी माय हाये ते!"

श्यामरावांनी बायकोकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून आपल्या मुठीत काय आलंय ते त्या माणसाला पक्कं कळलं.

नियम त्यांनीच घातला. वर्षातून एकदा, पितृपक्षातल्या अविधवा नवमीला डिस्क लागेल. भीमाबाई सवाष्ण गेलेली, म्हणून तिची नवमी. वनमालाबाईंनी पहाटे उठून वडे-खीर करायची, कावळ्याला पान ठेवायचं, सवाष्ण जेवू घालायची, आणि मग श्यामराव हात धुऊन, कोरडे करून, कपाट उघडणार. सिनेमा पहिल्यापासून पाहायचा. "पिक्चर म्हणजे काय भाजी हाये, निवडून निवडून खाले?" मध्ये थांबवायचं नाही, मागं न्यायचं नाही, त्यानं म्हणे मशीन खराब होतं. कधी मूड नसला तर पहिली डिस्क संपल्यावर जांभई देऊन म्हणायचे, "डोकं दुखून राह्यलं. दुसरी पुढच्या साली." आणि कपाट बंद. एका वर्षी खीर पातळ झाली म्हणून असं केलं. त्या दिवशी वनमालाबाई मोरीत तोंडात पदर कोंबून रडल्या आणि बाहेर येऊन त्यांनी चहा टाकला. चहाला साखर बरोबर पडली होती, श्यामरावांनी तसं सांगितलंही.

हे सगळं पहिल्यापासून असं नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. एके काळी रविवारी अर्धा पारा, म्हणजे अर्धा मोहल्ला, या घरात सिनेमा पाहायला यायचा. श्यामराव डिस्क दोन बोटांत धरून उजेडात तिरकी करायचे, फुंकर घालायचे, आणि पोट्टेसोट्टे श्वास रोखून बसायचे. मग मोबाइल आले. ज्याचा त्याचा सिनेमा ज्याच्या त्याच्या खिशात गेला. आता श्यामरावांकडे चिटपाखरू फिरकत नाही. दुकानं बंद झाली तेव्हा त्यांनी उरलेला मालही उचलून आणला. "हातात हाये ते आपलं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनवायचे. "हवेतलं काय कामाचं? आज हाये, उद्या कंपनीनं बटन दाबलं का गायब." ऐकायला कुणी उरलं नाही तेव्हा ते बायकोला सुनवू लागले.

शेखर सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात लागला. त्यानं एकदा धीर करून म्हटलं, "बाबा, आजीवाली डिस्क पेनड्राइव्हमधी घेऊन देतो ना. आई रोज पाहील."

"चोरी हाये ते. कॉपी करणं गुन्हा हाये."

"एका म्हातारीच्या तोंडासाठी कोण पोलीस येऊन राह्यला, बाबा?"

"पोलीस नाही येत म्हणून चोरी करू? हेच शिकवलं तुले?" आणि वनमालाबाईंकडे वळून, "काय वं, तुले पाहिजे का चोरीची माय?"

वनमालाबाई म्हणाल्या, "नाही, राहू द्या." हो म्हटलं असतं तर नवमीची डिस्कही गेली असती, हे त्यांना ठाऊक होतं. शेखर आईवरच चिडला. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही.

मग श्यामरावांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. रेल्वेचं मेडिकल कार्ड त्या कपाटात, शेखर ड्यूटीवर, आणि पोट धरून कळवळणाऱ्या श्यामरावांनी नाइलाजानं किल्ली सोडून बायकोच्या हातात दिली. वनमालाबाई जन्मात पहिल्यांदा त्या कपाटापुढे एकट्या उभ्या राहिल्या. कार्ड काढलं. मग भीमाबाईची डिस्क काढली. तिच्या कागदी कव्हरमधून एक कसर सुळकन पळाली.

आपल्या मायला किडे खाऊन राहिले! नवऱ्याला सांगावं तर हात का लावला म्हणून तोंड सोडणार. तेव्हा त्यांनी तेच केलं जे त्यांच्या मायनं त्यांना शिकवलं होतं. जे जपायचं त्यात डांबरगोळ्या घालायच्या. भीमाबाई आपलं एकुलतं एक रेशमी लुगडं तसंच जपायची, आणि त्या लुगड्याचा तुकडा अजून वनमालाबाईंच्या ट्रंकेत होता, साबूत. त्यांनी दोन्ही डिस्कांच्या कव्हरात डांबरगोळ्या घातल्या, चांगल्या मूठभर, त्या तुकड्यात घट्ट गुंडाळल्या, वरून प्लास्टिकची पिशवी बांधली आणि पुडकं कपाटात अगदी मागं सरकवलं. दवाखान्यात जाताना ऑटोत त्या गालातल्या गालात हसत होत्या. मायसाठी आपण काहीतरी केलं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

नवमी आली. खीर छान दाट झाली होती. शेखर होता, त्याची बायको निधी होती. निधी मराठीच घरातली, समजतं सगळं, पण बोलणार हिंदीत. श्यामरावांनी हात धुतले, कपाट उघडलं, पुडकं काढलं आणि त्यांच्या नाकपुड्या फुलल्या.

"डांबरगोळ्या कोणं ठेवल्या?"

वनमालाबाई मोठ्या हौशीनं पुढं झाल्या. "म्या ठेवल्या. कसर लागली होती."

डिस्क कव्हरला चिकटली होती. ओढून काढली तर वरचा चकाकता पापुद्रा सालासारखा निघाला. खालची बाजू चिकट, पांढरी धुरकट. श्यामरावांनी पुसली, प्लेअरमध्ये घातली. आत ती घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली, आणि टीव्हीवर आलं की डिस्क नाही. दुसरीचंही तेच. वनमालाबाई हात जोडून टीव्हीपुढे बसलेल्या होत्या, त्यांना काही उमगेना.

"काय झालं?"

"काय झालं?" श्यामराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "अवं, डांबरानं प्लास्टिक विरघळते. तुह्यी माय काविळीनं नाही मेली. तू मारली तिले. आज मेली ते."

"पापा, प्लीज," निधी म्हणाली. वनमालाबाईंनी ती डिस्क मांडीवर घेतली आणि पदरानं पुसत राहिल्या. पुसून पुसून पदराला डांबराचा वास लागला.

त्यानंतर बाई खचली. भाजीत मीठ राहू लागलं. डोळे मिटून माय आठवायला जायची तर टोपली आठवायची, लुगडं आठवायचं, चेहरा म्हणून काही येईना. निधीला ते बघवेना. पोरगी बोलायला फटकळ, पण मनाची बरी. पंधराएक दिवसांत तिनं फोनवर शोधून शोधून तो सिनेमा काढलाच. कुठल्याशा कंपनीनं जुने सिनेमे धुऊनपुसून नव्यानं टाकले होते, त्यात हा निघाला.

"मम्मीजी, मिल गया! और एकदम साफ प्रिंट. मैंने डाउनलोड कर लिया, अब कहीं नहीं जाता."

आता काय विचारता! वनमालाबाईंनी केस विंचरले, कुंकू लावलं. खीर केली, नवमी नसताना. निधीनं फोन मोठ्या टीव्हीला जोडला. श्यामराव खुर्ची ओढून मागं बसले, पाहायचं नाही असं दाखवत. चित्र भिंतभर आडवं पसरलं. किती साफ! झाडाचं पान न् पान दिसत होतं. निधीनं सरळ बाजारापाशी आणून सोडलं, पहिल्यापासून पाहायची भानगडच नाही. हे असंही करता येतं, हे पाहून वनमालाबाईंचा जीव हरखला.

बैलगाड्या आल्या. पिंपळ आला. पार आला.

पारावर लुगडं नेसलेली एक बाई उभी होती. लुगड्याचे काठ दिसत होते, हिरव्या बांगड्या दिसत होत्या, टोपलीतली बोरं मोजावीत इतकी साफ. आणि गळ्याच्या वर काही नव्हतं. तिथं चित्र संपत होतं. जुना चौकोनी सिनेमा आजच्या आडव्या टीव्हीत बसवायला कंपनीनं वरची आणि खालची पट्टी कापून टाकली होती. पारावर चढलेल्या भीमाबाईचं डोकं त्या वरच्या पट्टीत गेलं.

"कौन सी हैं नानी?" निधीनं चित्र थांबवून विचारलं.

"ही," वनमालाबाई म्हणाल्या. उठून टीव्हीपाशी गेल्या, लुगड्यावर बोट ठेवलं. मग बोट वर सरकवलं, टीव्हीच्या काळ्या काठावर, काठाच्याही वर, भिंतीवर. "ही न. इथं."

निधी फोनवर काय काय दाबत राहिली. लहान केलं, मोठं केलं. जे कापलं ते कापलं.

आणि मागून श्यामराव हसले. आधी नाकात, मग पोट धरून. "धड आलं वं, मुंडकं राह्यलं! म्या म्हणत होतो का नाही? हे तुमचं डाउनलोड! हा हा... मुंडकं राह्यलं!" डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला तो माणूस. कित्येक वर्षांनी त्याचं खरं ठरलं होतं, आणि ऐकायला घरात माणसं होती.

वनमालाबाईंनी सगळ्यांना खीर वाढली. श्यामरावांना दोनदा वाढली.

दिवाळी झाल्यावर श्यामरावांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं, मोतीबिंदू. एकदम दोन्ही नाही, आधी एक, मग दुसरा. पुन्हा रेल्वेचं कार्ड, पुन्हा शेखर ड्यूटीवर. या वेळी किल्ली देताना त्यांनी बायकोचं मनगट धरलं. "कार्ड काढ अन् बंद कर. डिस्कले हात लावशील तर हात तोडून टाकीन."

"नाही लावत," वनमालाबाई म्हणाल्या.

दवाखान्यातून आले, डोळ्यांवर काळा चष्मा, दोन्ही डोळे होईस्तोवर महिना-दीड महिना टीव्ही पाहायचा नाही असा हुकूम. धडधाकट माणूस आंधळ्यासारखा खाटेवर पडून राहिला. किल्ली परत मागायचं त्यांना सुचलंच नाही, कारण कपाटाकडे जायचंच नव्हतं. दिवसभर दुसरं बोलणं नाही. एकेका सिनेमाचं नाव घ्यायचे, कुठल्या खणात, कितवा, कुठल्या पगाराला आणला. "डोळे साफ झाले का पहिल्यापासून सगळे पाह्यतो. एक एक. या वयात दुसरं काय हाये माह्यापाशी?" वनमालाबाई हूं हूं करत ऐकायच्या आणि डोळ्यांत थेंब घालायच्या, अगदी वेळेवर. कुणी पाहिलं तर म्हणेल, काय सेवा करते बिचारी.

रोज दुपारी थेंब घातले की श्यामरावांना डुलकी लागायची. मग वनमालाबाई नळाखाली हात धुवायच्या, कोरडे करायच्या आणि कपाट उघडायच्या. किराण्याच्या दुकानातून त्यांनी डांबरगोळ्यांचे पुडे आणले होते. दुकानदारानं विचारलंही, इतक्या कशाला? "गरम कपडे ठेवायचे हायेत," म्हणाल्या. एकेक कव्हर उघडायचं, हलकेच, ओरखडा न पाडता, तीनचार गोळ्या घालायच्या, घडी नीट मिटायची, पुन्हा खणात जिथल्या तिथं. घाई नाही. रोज थोड्या. वरचा खण झाला, मधला झाला, खालचा झाला. शेवटच्या दिवशी कपाटाच्या फटीत त्यांनी चिंध्या कोंबल्या, वास बाहेर यायला नको म्हणून, आणि किल्ली नवऱ्याच्या करदोड्याला स्वतःच्या हातानं बांधून दिली.

"चष्मा उद्या निघते," श्यामराव त्या संध्याकाळी म्हणाले. लहान पोरासारखे खुशीत होते. "परवा पहिली डिस्क लावतो. तूही बस माह्यासंग. हातात हाये ते आपलं, म्हणतो न मी? सगळं ठीक हाये न कपाटात?"

वनमालाबाईंनी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"ठीक हाये," त्या म्हणाल्या. "माह्या मायले जपलं होतं न, तसंच जपून ठेवलं."