आगाऊ मीठ

शफीकचाचांचं बीपी तिसऱ्यांदा एकशे ऐंशी आलं आणि माझं डोकं फिरलं.

चाचा निमगाव केतकीचे टेलर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सुईत दोरा जाईना, सदऱ्याची बटणं एकीकडं आणि काजं भलतीकडं. गिऱ्हाइकं दुसऱ्या टेलरकडं जायला लागली होती. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आधी बीपी उतरवा, फिजिशियनचं फिटनेस सर्टिफिकेट आणा, मगच ऑपरेशन. ती फिजिशियन मी, बारामतीत.

"चाचा, वरून मीठ घेऊ नका म्हटलं होतं ना?"

"वरनं न्हाईच घेत, म्याडम."

शेजारी बसलेल्या चाचींनी खुलासा केला. "बरणी वरच्या फळीवर असायची. आता खाली ठिवलीया. खालनंच घेत्यात."

मी कपाळाला हात लावला. ताटात वाढल्यावर जे वेगळं भुरभुरवतो ते 'वरून', हे आम्ही डॉक्टर गृहीत धरतो.

मग मी नीट समजावायला बसले. मला ती खोडच आहे. "खारट खाल्लं की आतड्यातल्या पेशी हार्मोन सोडतात. हार्मोन म्हणजे रक्तातून जाणारा निरोप. ग्वानिलिन, युरोग्वानिलिन अशी नावं. निरोप जातो किडनीला, की मीठ येतंय, जादाचं लघवीतून बाहेर काढ. मीठ अंगात राहिलं तर पाणी धरून ठेवतं, आणि बीपी चढतं."

चाचांनी मान डोलावली. काय झकास शिकवलं, असं मला वाटलं.

महिन्यानं बीपी एकशे नव्वद.

"चाचा, मीठ किती खाताय?"

"तुमी सांगितलं तसंच. जेवायच्या अर्धा तास आधी चमचाभर, पाण्यातनं."

"जेवायच्या आधी? कशाला?"

"आतडं आगाऊ निरोप धाडतंय न्हवं. जेवाण येईस्तवर किडनी तयार."

मला राग आला आणि हसूही आवरेना. कारण तर्कात खोट काढता येईना. माझ्याच वर्गातला हुशार विद्यार्थी होता तो.

"चाचा, तुमची किडनी आता फोनच उचलत नाही."

"आँ?"

"वयानं आणि बीपीनं तिचं कान देणं कमी झालंय. आतडं फोन लावतं, तिकडं नुसते मिस्ड कॉल." हे नक्की कसं घडतं यावर शास्त्रज्ञांचा अजून खल चाललाय, पण ते मी गिळलं. एकदा बोलून पस्तावले होते.

चाचांचा चेहरा पडला. "मिस्ड कॉल? आमचा जावई बी असाच करतो. त्याला बी मी फोन करायचं सोडलं."

"मग किडनीलाही करायचं सोडा. आगाऊ मीठ बंद."

चाचा किडनीवर रुसले. मीठ चाचींच्या ताब्यात गेलं, पापड आणि लोणचं ताटातून गेलं, गोळ्या चालूच राहिल्या. दीड महिन्यात बीपी एकशे चाळीसला उतरलं. मी फिटनेसवर सही केली आणि एका डोळ्याचं ऑपरेशन झालं.

तेव्हापासून मी पेशंटला काही सांगितलं की त्याच्याकडूनच परत वदवून घेते. फार वेळ जातो, पण निस्तरायला त्याहून जास्त जातो.

पट्टी निघाल्यावर चाचा आले. माझ्याकडं बघतच राहिले. माझ्या अॅप्रनची बाही चिमटीत धरली, उलटी करून शिवण पाहिली.

"म्याडम, राग मानू नका. पर ह्यो कुण्या आंधळ्यानं शिवलाय? एक बाही बोटभर लांब हाय."

"तुम्हीच, चाचा. मागच्या दिवाळीत."