कुठलं केंद्र?

काल जुना टेबललॅम्प लावला आणि बल्बवरची धूळ तापल्याचा वास आला. पनवेलच्या आमच्या घरातला रेडिओ तापला की असाच वास यायचा. मुलांनो, माझ्याकडे तेव्हा मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायची इलेक्ट्रिक गिटार होती. ॲम्प्लिफायर कुठला असायला? तिची वायर मी रेडिओच्या मागे जोडत असे, म्हणजे गिटारचा आवाज रेडिओतूनच यायचा. गणेशोत्सवात वाजवायला मंडळाने मला बोलावलं होतं, पण वडिलांनी बजावलं होतं, "घरात हवं तेवढं वाजव, लोकांसमोर नाही." त्या संध्याकाळी बातम्या ऐकायला शेजारी नेहमीप्रमाणे ओट्यावर जमले, तरी मी आत घाईघाईने वाजवतच होते. एक सूर चुकला. टोपली रिकामी करून टेकलेली मासेवाली ओरडली, "स्टेशन हललंय गो, नीट लाव!" कुणीतरी विचारलं, "कुठलं केंद्र हो?" वडील म्हणाले, "मुंबई." माझा हात थांबला. कांडी हातात घेऊनच मी दारात गेले आणि म्हटलं, "मुंबई नाही, मी वाजवत होते." सगळे वडिलांकडे बघू लागले. मासेवाली म्हणाली, "मंग थांबली कशाला? आमी आयकतो हाय ना!" वडिलांनी घसा खाकरला. "बातम्यांना वेळ आहे अजून," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि गणपतीत वाजवायचं असेल, तर तो सूर आधी नीट कर." तुम्ही आता हेडफोन लावून गिटारचा सराव करता. शेजाऱ्यांना त्रास नाही, हे चांगलंच. पण तुमचा सूर चुकला म्हणून ओरडायला बाहेर कुणीच नाही, या विचाराने मला उगीच चैन पडत नाही.