गाढव्यांची मात्रा

माझ्या थोरल्या बहिणीचा नवा संसार एका मात्रेपायी मोडता मोडता वाचला. मात्रा वैद्याची नव्हे, खडूची!

मी तेव्हा रसायनीच्या एका कारखान्यात कामाला होतो. तिथल्या साहेबांनी ताईच्या लग्नासाठी आपला फिल्मचा कॅमेरा मला वापरायला दिला. लग्न मी बऱ्यापैकी टिपलं. पण सिनेमात नावं कशी आपोआप, कुणी अदृश्य हाताने लिहावीत तशी उमटतात? तसंच आपल्यालाही हवं, अशी मला हुक्की आली. युक्ती सोपी होती. फळ्यावर खडूने इवलीशी रेघ ओढायची, बाजूला व्हायचं, एकच चित्र घ्यायचं. पुन्हा रेघ, पुन्हा चित्र. एक आडनाव लिहायला अख्खा रविवार गेला. आई दारातून म्हणाली, "आरं, पयलीतली पोरं बी याच्यापेक्षा भराभरा लिवत्यात!"

आडनाव ताईच्या सासरचं होतं. गाढवे.

महिन्याभराने साहेबांचाच प्रोजेक्टर घेऊन मी आणि बाबा कशेळ्याला, ताईच्या सासरी गेलो. भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला, भिंतीवर धोतर ताणलं. पुढे ताईचे सासरे, शेजारी बाबा, मागे झाडून सगळी भावकी. यंत्र खरखरलं आणि धोतरावर पांढरी रेघ आपली आपण चालू लागली. 'गा' उमटला.

"आगं बया! भूत लिवतंय काय?" सासऱ्यांच्या बहिणीने, आत्याबाईंनी विचारलं. मी अंधारात छाती फुगवली. 'ढ' आला. 'व' आला.

आणि फिल्म अडकली!

मात्रा मी सगळ्यात शेवटी काढली होती. धोतरावर हातभर उंचीचं 'गाढव' उभं राहिलं, ते जागचं हलेना.

"काय लिवलंय रं?" आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. ज्यांना येत होतं, त्यांनाही ते एकाएकी येईनासं झालं.

"बंद कर!" बाबा पुटपुटले. घाबरून मी भलतंच बटण फिरवलं. गाढव आणखी ठळक झालं! ताईने तोंडाला पदर लावला. तेवढ्यात दिव्याच्या आचेने फिल्म भाजू लागली. 'ढ'च्या पोटात तपकिरी डाग पडला, डागाचं भोक झालं.

"आता जाळतोय बी आमाला!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी वायरच उपटली. घोंगड्या निघाल्या. बाबांनी उठून हात जोडले. "व्याहीबुवा, पोरगं येडं हाय. पन लेकीवर राग धरू नका."

सासऱ्यांनी एकदा त्या कोऱ्या धोतराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"बसा वो तुमी," ते बाबांना म्हणाले. "साळंत मास्तर मला रोज अशीच हाक मारायचे. मात्रा त्यांनी बी कदी लावली नाय!"

सगळं घर हशाने दणाणलं. ताईचा पदर खाली आला. ती मघापासून हसूच दाबत होती. जळका तुकडा कापून मी फिल्म जोडली. पुढचं लग्न सगळ्यांनी डोळे भरून पाहिलं. पाठवणीला तर बाबा पुन्हा रडले.

"समदं ब्येस दिसलं," आत्याबाई म्हणाल्या. "पन हे ज्यानं काढलं, त्याचं नाव कुटं हाय?"

"माझं नाव टाकायचं राहिलंच," मी विनयाने म्हणालो.

"राहिलं कुटं?" सासरे म्हणाले. "सगळ्यांच्या आदी तुजंच आलं की!"