सुमनचा खड्यांचा खेळ

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. सुमनपाशी तर नाहीच — आणि खरं म्हणजे तिलाच सांगायला हवं होतं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल.

सुमन माझी बायको. माहेर हसनाबादचं, शिक्षण सातवी. मी अंबडला मराठीचा मास्तर — म्हणजे घरातले शब्द माझ्याकडेच असणार, असं मी धरूनच चाललो होतो. आमची जयू पाच वर्षांची असताना मायलेकी दुपारी तुरीची डाळ निवडायला बसत. खडा सापडला की एक शब्द म्हणायचा, त्या दिवशी आधी न आलेला. मग तो खडा आपल्या वाटीत. झुंजुरकं, माळवं, कोरड्यास, उंबरा... सगळे तिच्या गावाकडचे शब्द. डाळीतले खडे संपले तर सुमन अंगणातले चार आणून गुपचूप परातीत टाकायची. मी आणलेला शब्दांचा रंगीत तक्ता भिंतीवर नुसता लटकत होता. मला राग यायचा. राग कसला — हेवाच तो.

एकदा शाळेच्या फाटकाशी जयूच्या बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, एवढे शब्द वर्गात कुणालाच येत नाहीत, घरी कोण शिकवतं?

मी म्हणालो — मीच.

तेवढ्यावर थांबलं असतं तर? पण बाई म्हणाल्या, पालकसभेत सगळ्यांना सांगा, जयूच्या आईलाही आणा. सुमन आली असती तर माझं बिंग फुटलं असतं. म्हणून घरी येऊन मी तिला सांगितलं — बाई म्हणतात, तुझ्या बोलण्यानं पोरीची भाषा बिघडतेय.

तिनं परात बाजूला सारली. "मंग न्हाई बोलत मी तिच्यासंगं तसलं. पोरीचं नुकसान नको."

सभेला ती आली नाही. तिचा खेळ मी माझा म्हणून सांगितला, टाळ्या घेतल्या. घरी जयू परात घेऊन तिच्या मागे मागे फिरायची, आणि सुमन म्हणायची, "पप्पाकडं जा." पुढे ती लेकीशी कामापुरतंच बोलू लागली — जेव, झोप, वेणी घालते, ये. एका वाक्यानं मला हे सगळं सावरता आलं असतं. इतकी वर्षं का नाही बोललो? लाज वाटली — दुसरं काही नाही.

जयू आता पुण्यात असते. तिचा मुलगा अडीच वर्षांचा झाला, अजून बोलत नाही. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, सुमननं तो स्पीकरवर लावला. डॉक्टरांनी सांगितलंय, त्याच्याशी खूप बोला, खेळा. "आई, ये ना थोडे दिवस. त्याच्याशी तो खड्यांचा खेळ खेळ."

 सुमन म्हणाली, "नको माय. माझ्यानं तुझी भाषा बिघडत व्हती. त्याची तरी नको बिघडायला. तुझ्या पप्पालाच धाडते."

मी समोरच बसलो होतो. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझी बॅग भरून दिली, आणि मी पुण्याला गेलो.