शिवरात्रीची रताळी

"पाय उचलंना गे," मालक म्हणाले आणि जीपच्या पायरीशीच कोसळले. दंडाला धरलं, तर दंडही लुळा. जीभ जड झाली होती.

शिवरात्रीचा दुसरा दिवस होता. मालक म्हणजे माझा नवरा. मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून दोनदा हिंगोलीला मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, त्याला डायलिसिस म्हणतात. त्या सकाळी पाळीच होती, म्हणून जीप दारात उभी होती.

लेकानं त्यांना उचलून आत घातलं. सून दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. एखादा शब्द टाकला असता तर बरं झालं असतं.

आमचं शिरड शहापूर सोडलं. औंढ्यात शिवरात्रीच्या यात्रेची गर्दी पांगत होती, गाड्या पुढं सरकेनात. मी मालकांचा अंगठा दाबत होते. "दाबते ते कळतंय का?" "व्हय." परत दाबत होते. "आता?" ते चिडले. "किती बार इचारती? मेलो न्हाई अजून." तेवढं बोलले आणि डोळे मिटले. मी लेकाच्या पाठीत बुक्की घातली. "उतर, गाड्या बाजूला काढ!" तो म्हणाला, "आई, गप बस."

गप कशी बसू? आदल्या दिवशी मीच त्यांना रताळी घातली होती.

दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या पोरीनं कागद दिला होता. केळी, रताळं, खजूर, नारळपाणी बंद. दूध, शेंगदाणे कमी, नाहीतर खाज वाढते. अंड्याचा पांढरा भाग रोज खा, कारण मशीनवर अंगातली ताकदही जाते. सुनेनं तो कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. मी चौथी पास आहे, अक्षर न् अक्षर वाचलं होतं.

पण मालकांना अंड्याचा वास सहन होईना. ताटाला हात लावून उठायचे. पाठीची हाडं मोजता यायची, आणि त्या हाडांवर खाज. दाणे काढलेल्या मक्याच्या बुरकुंडानं मी पाठ खाजवून द्यायची, कातडी सोलून निघायची तरी म्हणायचे, अजून वर, अजून वर. शिवरात्रीला मात्र म्हणाले, रताळी कर. कित्येक महिन्यांनी तोंडानं काही मागितलं. सून म्हणाली, "आत्याबाई, कागदात न्हाई म्हणलंय."

"तो कागद रोजच्या जेवणाचा आहे. उपासाचं हलकं असतं. देवाच्या नावानं खाल्लेलं बाधतं व्हय?"

माझी तशीच समजूत होती. उपास म्हणजे पोटाला आराम. ते खात गेले, मी वाढत गेले. खाताना बघून मला बरं वाटत होतं.

दवाखान्यात त्यांच्या छातीला वायरी लावल्या. डॉक्टर ठोक्यांची पट्टी बघून पळतच आले. सिस्टरनं विचारलं, "आज्जी, काल काय खाल्लं यांनी?"

"उपास होता."

"उपासाला काय खाल्लं?"

"चार रताळी. दोन केळी. मूठभर खजूर. भगर आन् शेंगदाण्याची आमटी."

"याला उपास म्हणता? सगळं पोटॅशियम कोंबलंत. यांची मूत्रपिंडं ते बाहेर टाकत नाहीत, रक्तात साठतं. हृदय बंद पडायला आलंय."

लेक माझ्याकडं बघेना. शिरेत सुई दिली आणि लगेच मशीनवर घेतलं. मला बाहेर बसायला सांगितलं. बसवत नव्हतं. पाण्याच्या टाकीपर्यंत जायचे, परत यायचे. पिशवीतलं धोतर काढून घडी घालायचे, ठेवायचे, परत काढायचे. देवाला हात जोडावेत तर काल त्याच्याच नावानं हे केलेलं. जोडले नाहीत.

दुपार कलल्यावर सिस्टरनं हाक मारली. मालकांनी चादरीखाली पाय हलवून दाखवला. म्हणाले, "पाठ खाजव."

पुढच्या एकादशीला त्यांच्यापुढं अंड्याचा पांढरा भाग ठेवला. वास मारू नये म्हणून कांदा-हळद घालून परतला होता. सुनेला विचारून मीठ कमीच घातलं.

"आज एकादशी हाय. पाप लागंल."

"लागू द्या मला. खा."

तोंड वाकडं करत खाल्लं. त्या दिवसापासून मालकांचा उपास बंद. खाज थोडी कमी आहे, गेली नाही. अंगावर मांसही फारसं चढलेलं नाही. मी चुकले होते, सून बरोबर होती, हे मी तिला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ द्या, आत्याबाई." पण तसाच दुसरा कागद तिनं उपासाच्या जिन्नसांच्या डब्यावरही चिकटवला.

मालक वाचले.