खुंट्याला बांधलेला दिवस

"इथे पोरं हलली," असं म्हणत बाई हस्तलिखिताच्या समासात पेन्सिलीने एक ठिपका द्यायच्या. मग तो परिच्छेद तळहाताने झाकायच्या आणि वरचं वाक्य खालच्या वाक्याला जोडून वाचून बघायच्या. गोष्ट अडखळली नाही, तर झाकलेला परिच्छेद कायमचा गेला म्हणून समजायचं. कितीही चांगला उतरलेला असो, त्याची गय नसे.

मी तेव्हा रविवार कारंज्याजवळच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांचे अहवाल हे आमचं पोटापाण्याचं काम. मालकांना हौस मात्र मुलांच्या पुस्तकांची. देशोदेशीच्या लोककथा मुलांसाठी सोप्या मराठीत लिहून द्यायचं काम त्यांनी बाईंना दिलं होतं. बाई नाशिक रोडला नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. शनिवारी सकाळची शाळा आटोपली की शालिमारपर्यंत बसने यायच्या, तिथून चालत, आणि आमचा लाकडी जिना चढून वर आल्या की कोऱ्या कागदाच्या गठ्ठ्यावर बसून डोळे मिटायच्या.

"माणूस दमतं हो," म्हणायच्या. जणू दमलेलं माणूस दुसरंच कुणी आहे आणि त्या फक्त त्याची बातमी घेऊन आल्या आहेत. कामानं दमून दमलो असं न म्हणणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाई म्हणायच्या, पण त्यात तक्रार नसायची.

गोष्ट लिहून झाली की ती आधी चौथीच्या वर्गापुढे वाचली जायची. बाईंची एक नजर कागदावर, एक पोरांवर. कुणी पाय खाजवला, कुणी खिडकीबाहेर पाहिलं, की ठिपका. एकदा त्यांनी बर्फाचं फार सुंदर वर्णन खोडलेलं पाहून मी हळहळलो. त्या म्हणाल्या, "आमच्या पोरांनी बर्फ पाहिलाय तो रसाच्या गाडीवर. बर्फ आला की ती हलतात." त्याऐवजी त्यांनी लिहिलं की इतकी थंडी पडली, सकाळी तांब्या लावताच बादलीतलं पाणी वाजायला लागलं. निफाडकडून आलेल्या दोन मुलांनी म्हणे माना डोलावल्या. त्यामुळे झालं असं, की बाईंच्या पुस्तकात आफ्रिकेतल्या गोष्टीलाही ओटा असायचा आणि रशियातल्या म्हातारीच्या घरीही जातं. मालक चेष्टा करायचे की बाई, तुमचं सगळं जग निफाड तालुक्यात आहे. बाई म्हणायच्या, तसंच आहे ते.

गोष्टी त्या कुठून कुठून आणायच्या. वाचनालयातल्या जाड इंग्रजी पुस्तकांतून, शब्दकोश मांडीवर घेऊन. रविवारी देवळाली कॅम्पात जवानांच्या बायकांकडून. एका नागा बाईची गोष्ट त्यांनी तीन रविवार जाऊन मिळवली, कारण तिचं हिंदी आणि बाईंचं हिंदी यांची गाठ पडत नव्हती. आणि प्रत्येक गोष्टीखाली बारीक टाइपात एक ओळ हवीच असा त्यांचा हट्ट होता. ही गोष्ट अमक्या लोकांची. सांगणारं माणूस ठाऊक असेल, तर त्याचं नावही.

मालकांना ती ओळ जागा खाणारी वाटायची. मुलं कुठे वाचतात ते, असं ते म्हणाले.

"मुलं नाही वाचत," बाई म्हणाल्या. "पण ज्यांची आहे त्यांची आहे."

या हट्टाचं मूळ मला पुढे कळलं. बाईंची आई भागाबाई सायखेड्याची. आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात निंदणीत गेलं. ओळीत बसलेल्या बायांचे हात चालावेत म्हणून ती गोष्टी सांगायची आणि शेतमालकाची मुलं बांधावर बसून ऐकायची. त्यातल्याच एका मुलाने मोठेपणी गावच्या कार्यक्रमात भागाबाईची गोष्ट सांगितली, आमच्या आजीची म्हणून. टाळ्या पडल्या. बाई तेव्हा आठवीत होत्या, मागे बायकांत बसल्या होत्या. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, सांगू दे की, गोष्ट काय झिजती का. बाईंना मात्र ते लागलं ते लागलंच. आईचं नाव कशावरच नव्हतं. रेशनकार्डसुद्धा आधी वडिलांचं आणि मग भावाचं.

म्हणून बाराव्या पुस्तकात, जगभरच्या गोष्टींच्या रांगेत, त्यांनी आईची गोष्ट घातली. एक सासू असते. सुनेचं निंदायचं काम उरकेपर्यंत संध्याकाळ होऊ नये म्हणून ती सूर्याला कासरा लावून खुंट्याला बांधते. दिवस हलेना. सून निंदते आणि निंदते. शेवटी एक उंदीर तिच्या फडक्यातली भाकरी मागतो आणि बदल्यात कासरा कुरतडतो. सूर्य सुटतो तो घाईघाईने डोंगराआड पळतो. थंडीत दिवस लवकर मावळतो तो अजून त्या धाकाने. वर्गात ही गोष्ट वाचली तेव्हा एकही ठिपका पडला नाही, हे बाईंनी मला पुढे दोनदा सांगितलं.

खाली ओळ होती, ही गोष्ट सायखेड्याच्या भागाबाईंची. भागाबाई तेव्हा बाईंकडेच राहायला होत्या, थकलेल्या. भावाची दोन मुलंही शिकायला तिथेच. पुस्तक उन्हाळ्याच्या सुटीआधी आईच्या हातात द्यायचं, एवढं एकच बाईंच्या मनात होतं.

नेमकी जनगणना आली. शाळेतल्या सगळ्यांना घरोघर पाठवलं. बाई दिवसभर जिने चढून लोकांची नावं लिहीत होत्या, त्यामुळे शेवटचं प्रूफ एकट्या माझ्याकडे आलं. त्या आठवड्यात माझ्यापुढे तीन शाळांचे अहवाल होते. शेवटच्या प्रुफात मुद्रितशोधक गोष्ट वाचत नाही, अक्षरं वाचतो. मला एवढंच दिसलं की सूर्याच्या गोष्टीखाली सायखेडं आहे, आणि नदीकाठचा म्हातारा नावाडी आणि त्याचा बगळा यांच्या गोष्टीखाली जपान. मला वाटलं, ओळींची अदलाबदल झाली. उगवत्या सूर्याचा देश जपान, हे आपण शाळेत घोकलेलं, आणि सायखेडं तर गोदावरीच्या काठावर. सासू, खुंटा, भाकरी यांनी शंका यायला हवी होती. पण बाईंच्या पुस्तकात सगळ्याच देशांत भाकरी होती. मी दोन्ही ओळींभोवती लाल शाईने गोल केले आणि बाणांनी त्यांच्या जागा बदलल्या.

नाना आमचे जुने कंपोझिटर, अक्षरांचे खिळे जुळवणारे. ते कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि पहिल्या प्रुफात असंच होतं, नक्की बदलायचं ना, असं विचारलं. मी मान वर न करता म्हणालो, लिहिलंय तसं करा.

पुस्तक बांधून आलं त्या शनिवारी बाई गठ्ठ्यावर बसल्या आणि थेट सूर्याच्या गोष्टीचं शेवटचं पान उघडलं. ही गोष्ट जपानमधल्या लोकांची. मग चार पानं मागे जाऊन बगळ्याची गोष्ट काढली. भागाबाई तिथे होत्या. पुस्तक मांडीवर तसंच उघडं राहिलं.

"ओळी बदलल्या," त्या म्हणाल्या.

माझ्या तेव्हाच लक्षात आलं. आणि मी म्हणालो, "नानांकडून झालं असेल."

नाना चार हातांवर खिळे जुळवत उभे होते. त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. तुम्ही म्हणाल, एवढं काय, कबूल करून टाकायचं. मलाही आता तसंच वाटतं. तेव्हा मला माझी नोकरी आणि माझी अचूकपणाची कीर्ती फार मोठी वाटत होती.

"असू दे," बाई म्हणाल्या. "माणूस दमतं."

शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवा अशी त्यांनी मालकांना विनंती केली. मालक म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू. पुढची आवृत्ती निघाली नाही. बाईंनी मग आपल्या वाट्याच्या प्रती आणि दुकानांतून परत आलेल्या प्रती घरी नेल्या आणि पेनाने दुरुस्त करायला घेतल्या. जाताना नेहमीप्रमाणे जुनी प्रुफंही मागून घेतली. त्यांची मागची बाजू कोरी असते, तिच्यावर त्या नव्या गोष्टींचे कच्चे खर्डे लिहायच्या. मी गठ्ठा बांधून दिला.

आईची ओळ आधी नीट करणार असाल ना, असं मी विचारलं. मला वाटलं, सहानुभूती दाखवतोय.

"जपानची आधी," त्या म्हणाल्या. "आईला मी घरी सांगेन. त्यांना कोण सांगणार?"

आईला सांगितलं तेव्हाची हकिगत त्यांनी मला नंतर ऐकवली. दुरुस्त करण्याआधीच भाचीने हौसेने आजीला पुस्तक वाचून दाखवलं होतं. बगळ्याच्या गोष्टीखाली आजीचं नाव आलं, तेव्हा भागाबाई म्हणाल्या, ही माजी नाय. मग सूर्याची गोष्ट आली आणि शेवटी जपान आलं.

"त्या जपानच्या बाईला माजी गोष्ट कशी ठावं?" भागाबाईंनी विचारलं. थोडा विचार केला. "तिची सासू बी तसलीच आसंल."

बाईंनी चूक समजावून सांगितली. भागाबाईंनी ऐकून घेतली, पण त्यांना ती जपानची बाई सोडवेना. तिला लेकरं किती, तिच्याकडं निंदणीला काय मजुरी, असं चार दिवस विचारत राहिल्या. हे सांगताना बाई हसत होत्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पण आईचं नाव तिच्या गोष्टीखाली पाहिजे होतं हो." पुढच्या पावसाळ्यात भागाबाई गेल्या.

त्यानंतर एका चौदा एप्रिलला नाशिक रोडला पुस्तकांच्या टेबलामागे बाई दिसल्या. एका गृहस्थांनी मुलासाठी ते पुस्तक उचललं. बाईंनी ते त्यांच्या हातून परत घेतलं, थांबा, दोन ओळी आहेत, म्हणाल्या, आणि उन्हात उभं राहून दोन्ही पानं दुरुस्त करून दिली. मी गर्दीत मागेच थांबलो. मदत करायला जावं असं वाटलं आणि गेलो नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत किती शनिवार गेले. नाना निवृत्त होऊन गावी गेले, त्यांनाही मी कधी काही म्हणालो नाही. याची मला लाज वाटते आणि ती वयाबरोबर कमी होत नाही.

मुलांच्या पुस्तकांचं काम पुढे बंद पडलं. बाईंचं येणं थांबलं. त्या आजारी आहेत हे कळलं आणि भेटायला जायचं ठरवेपर्यंत त्या गेल्याचं कळलं.

महिन्याभराने त्यांची भाची छापखान्यात आली. आता मोठी झालेली, स्वतः शिक्षिका. हातात सुतळीने बांधलेला गठ्ठा होता. आत्याने तुम्हाला द्यायला सांगितलं होतं, एवढं म्हणून ती चहाला न थांबता बसला गेली.

गठ्ठ्यात त्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रती होत्या. मी एकेक उघडली. बगळ्याच्या गोष्टीखाली प्रत्येक प्रतीत भागाबाईंचं नाव खोडून स्वच्छ अक्षरात जपान लिहिलेलं होतं. सूर्याच्या गोष्टीखाली वरच्या काही प्रतींत भागाबाई होत्या. त्याखालच्या प्रतींत जपान नुसतं खोडलेलं होतं आणि पुढची जागा रिकामी. अक्षर शेवटी शेवटी कापत गेलं होतं.

तळाशी एक घडी घातलेलं प्रूफ होतं. पिवळं पडलेलं, मागच्या बाजूला कसल्याशा अर्धवट गोष्टीचा खर्डा. मी ते उलटलं. लाल शाईचे दोन गोल, दोन बाण, कोपऱ्यात माझी सही. म्हणजे बाईंना पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. इतके शनिवार त्या माझ्यासमोर गठ्ठ्यावर बसल्या, मी नानांवर ढकललेलं तसंच राहू दिलं, आणि एकदाही काही म्हणाल्या नाहीत.

माझ्या बाणाशेजारी समासात पेन्सिलीचा एक ठिपका होता. त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, इथे माणूस दमलं.

मी दार लावून घेतलं, शाईचं पेन काढलं आणि उरलेल्या प्रतींत भागाबाईंचं नाव लिहायला बसलो.